ओव्याची फुंकर

जहांआराच्या कोंबड्या कमी होत चालल्या होत्या, आणि ही गोष्ट साऱ्या आळीत एकट्या मयुरीच्या ध्यानात आली होती.

त्याला कारण तिची बसायची जागा. मैतूला पाजायला ती मागच्या दारात बसायची, कोवळ्या उन्हाला पाठ देऊन. समोर अंगण, अंगणाच्या कडेला छातीएवढी भिंत आणि भिंतीत एक भगदाड. कधीतरी विटा ढासळल्या आणि कोणी बांधून काढल्या नाहीत, कारण शेजारची जहांआरा खाला त्यातूनच ये-जा करायची. पुढच्या दारानं ती या घरात कधी आलीच नव्हती. तिच्यामागून तिच्या कोंबड्याही यायच्या, अंगण उकरायच्या, मयुरीच्या पायाशी सांडलेला भात टिपायच्या. त्यांत एक लंगडी होती, एक पांढऱ्या मानेची होती, एक सगळ्यांवर दादागिरी करणारी तांबडी होती. आधी लंगडी दिसेनाशी झाली. मग पांढऱ्या मानेची. मग एके सकाळी तांबडीही आली नाही.

मैतू तीन महिन्यांची होती. मांडीवर पडल्या पडल्या ती आईच्या गळ्यातल्या पोतीचा मणी मुठीत धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. मयुरी तो मणी हलकेच सोडवायची, मूठ उलगडून बोटं एकेक करून ओठांना लावायची, आणि भिंतीपलीकडं बघत राहायची.

त्या दिवसांत त्यांच्या धाड गावच्या आठवडी बाजारात कोंबडीची दुकानं ओस पडली होती. कुठल्याशा जिल्ह्यात कोंबड्या पटापट मेल्याची बातमी होती आणि बातमीच्या मागोमाग प्रत्येकाच्या फोनवर व्हिडिओ फिरत होते. एकात माणसं खड्ड्यात पोत्यांनी कोंबड्या ओतत होती. तो कुठला, कोणत्या सालचा, हे कोणी विचारलं नाही. अंडी विकणाऱ्या बाईनं बाजारात यायचं बंद केलं. कोंबडीपासून माणसाला होतं आणि खोकल्यानं सुरू होतं, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. त्यामुळं झालं असं की, शाळेत निम्मी पोरं शिंकत होती, घरोघरी कोणी ना कोणी अंग दुखतं म्हणून पडलेलं होतं, पण खोकला मात्र गावात कोणालाच नव्हता. कोणाला ढास लागलीच तर माणूस आधी धुळीचं नाव घ्यायचा.

"काल विहारात काय झालं सांगू?" सासू सिंधूताई एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाल्या होत्या. "वंदना चालू होती आन् आशाबाई खोकलली. एकदाच खोकलली बापा. तर बायांनी चटया अशा सरकवल्या, जशी तिच्याखालून साप निघाला. आज म्हणते तिच्या सुनेनं ताट-पेला वेगळा केला. नातवालेबी घेऊ देत नाही."

"बरंच केलं तिच्या सुनेनं," मयुरी म्हणाली होती. "लेकरावाल्या घरात काळजी घ्याच लागते, आत्याबाई."

"हाव, ते बी खरं," म्हणून सिंधूताईंनी टरफलं सुपात गोळा केली होती.

मैतूची अंघोळ हे सिंधूताईंचं राज्य होतं. त्यात मयुरीनं कधी हात घातला नाही. पाय लांब करून त्या पाटावर बसायच्या, नडग्यांवर नात पालथी घ्यायच्या, तेल जिरवायच्या, कढत वाटेल अशा पाण्यानं न्हाऊ घालायच्या, मग लसणाच्या सालीची धुरी. आणि सगळ्यात शेवटी फुंकर. ही फुंकर त्यांच्या आईची, आईच्या आईची. फक्त आता बिमारीचे दिवस होते म्हणून त्या आधी चिमूटभर ओवा तोंडात टाकायच्या, बारीक चावायच्या, आणि तो वास भरलेली फुंकर मैतूच्या टाळूवर, दोन्ही कानांत आणि शेवटी नाकपुड्यांवर घालायच्या. मैतू डोळे मिचकावायची, दचकायची, मग खुदकन हसायची.

"आता कोणती बिमारी येते पाहू," सिंधूताई म्हणायच्या. "ओव्याचा वास आला का पळते बिचारी."

मयुरीला हे आवडायचं. दिवसभर येता-जाता ती मैतूची टाळू हुंगायची. तेल, दूध आणि ओवा. सगळ्या जगात तेवढ्या एका वितीभर जागेत काही वाईट येऊ शकत नाही, असं तिला वाटायचं. वाईट होतं ते भिंतीपलीकडं.

कोंबड्या मरत असणार आणि खाला त्या गुपचूप पुरत असणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. एकदा धरल्यावर पुरावे आपोआप जमत गेले. खालाच्या परसात कोपऱ्यातली माती उकरलेली दिसली. खाला हल्ली ओढणीनं नाकतोंड बांधून हिंडायची. आणि एका दुपारी मयुरीनं आणखी एक पाहिलं. भगदाडापाशी खाला उभी होती, अलीकडून सिंधूताई. खालानं कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. दोघी खालच्या आवाजात काही बोलल्या. खाला हात नाचवून रागावल्यासारखी काही सांगत होती आणि सिंधूताई मान हलवत होत्या. मयुरीची चाहूल लागताच पुडी पदराआड गेली.

"काय दिलं खालानं?"

"काही नाही वं. कुठी काय?"

"अंडी-बिंडी तर नाही?"

"अंडी कागदात बांधतात काय?" सिंधूताई हसल्या, पण हसू अर्ध्यात थांबवून, ओठ मिटून त्या लगबगीनं न्हाणीकडं गेल्या. न्हाणीत नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

त्या दिवसापासून मयुरीनं सासूवरही नजर ठेवली. सिंधूताई हल्ली टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवायच्या. बोलता बोलता मध्येच उठून जायच्या. ओव्याचा डबा रिकामा दिसला म्हणून मयुरीनं भरला, तर तो पुन्हा तळाला गेला. त्यांच्या उशाखाली तिनं पुडी शोधली. सापडली नाही, पण कसलासा काढ्यासारखा उग्र वास येत होता. खालानं काही मंतरून दिलं असेल? की त्या कोंबड्यांचंच काही औषध? सासूच्या तोंडून सत्य निघेना आणि खालाला विचारायची तिची हिंमत होईना.

तिचा नवरा चंद्रशेखर बुलडाण्याच्या एका गॅरेजात कामाला. संध्याकाळी तो जेवायला बसला तशी तिनं विषय काढला.

"त्या कोंबड्या मरून राह्यल्या. मी रोज पाहून राह्यली. आपल्या अंगणात येऊन जातात त्या."

"तू मेलेली पाह्यली काय एखादी?"

"जित्या दिसत नाहीत, मंग मेल्याच ना?"

"तिनं शिजवल्या असतील."

"या दिवसांत? आन् शिजवल्या तर आत्याबाईंले डबा आला असता. आजवर कधी चुकला?"

हे त्याला पटलं. खालाच्या हातचा रस्सा या घरात आला नाही अशी कोंबडी आजवर कापली गेली नव्हती. त्यानं आईकडं बघितलं. सिंधूताई पाणी पीत होत्या. तांब्या त्यांनी तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत काढला नाही.

रविवारी चंद्रशेखरनं गॅरेजातला जुना पत्रा आणला आणि भगदाडावर ठोकला. हातोड्याचे घाव ऐकून खाला पलीकडं येऊन उभी राहिली. एक बाजू ठोकायची राहिली होती, तेवढ्या फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

"हे काऊन रे, चंदू?"

"काही नाही खाला. बिमारीचे दिवस आहेत. लहान लेकरू आहे घरात."

"लेकरू आहे म्हणूनच तं मी म्हणते..." खालाची नजर त्याला ओलांडून सिंधूताईंवर गेली. सिंधूताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान इतकी बारीक हलवली की ती खालाला आणि मयुरीलाच दिसली. नको. खालाचं तोंड उघडं होतं, ते मिटलं.

"काय म्हणता खाला?" मयुरीनं विचारलं. "बोला ना. काय आहे ते बोलून टाका एकदाचं."

"मी काय बोलू बेटी? तुझ्या घरातली बात, तुझ्या घरातल्यानं बोलावी." आणि मग पत्र्याकडं बघत, "ठोक बाबा ठोक. खिळे कमी पडले तं माझ्याकडून घेऊन जा," म्हणून ती वळली.

पत्रा लागला आणि मयुरीला वाटलं होतं तसं हायसं काही झालं नाही. उलट, आता पलीकडचं दिसेना झालं आणि तिला जास्तच भीती वाटू लागली.

त्याच आठवड्यात मैतूनं दूध सोडलं. आधी नुसती किरकिर, मग अंग तापलं, मग पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन ती तोंड काढायची, धापा टाकायची, आणि मण्याकडं हातच न्यायची नाही. छातीखाली श्वासागणिक खळगा पडत होता. सिंधूताई ओवा घेऊन धावल्या. "थांब, मी करते," म्हणत त्यांनी फुंकर घातली, पुन्हा घातली. या वेळी मैतू हसली नाही. मयुरीनं तिला दुपट्यात गुंडाळलं आणि चंद्रशेखरला फोन लावला की तू बुलडाण्यातच दवाखान्यापाशी थांब, मी जीपनं येते. सिंधूताई सोबत यायला निघाल्या तर ती म्हणाली, "तुम्ही घरीच राहा. आन् पत्र्यापाशी जाऊ नका."

जीपमध्ये चांगुणाबाई शेजारी बसल्या होत्या, वरच्या आळीच्या. त्यांनी दुपटं जरा बाजूला सारून बघायला हात पुढं केला.

"काय झालं वं लेकराले? तोंड उतरलं तिचं."

"काही नाही. डोस द्यायचा आहे," मयुरी म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नाही हे शब्द कसे निघाले. पण चांगुणाबाईंचा हात निर्धास्तपणे मैतूच्या गालावरून फिरला, आणि मयुरीनं तो फिरू दिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मयुरीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी मैतूच्या नाकाला बारीक नळी लावून प्राणवायू सुरू केला, नाकातला नमुना तपासायला पाठवला आणि मग विचारलं, "घरात कोणाला सर्दी-खोकला?"

"कोणालेच नाही."

"ताप? अंगदुखी?"

"नाही मॅडम. शेजारच्या कोंबड्या मरून राह्यल्या. त्याच्यानंच झालं."

"बाळाला कोणी कोंबडीजवळ नेलं होतं?"

"नाही. पण अंगणात यायच्या."

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं. "कोंबड्यांचं राहू द्या थोडं बाजूला. बाळाच्या तोंडाजवळ तोंड कोण नेतं? तुम्ही सोडून?"

"कोणी नाही," मयुरी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत तपासणी आली. फ्लूच निघाला, पण कोंबड्यांचा नव्हे, माणसाकडून माणसाला होणारा, नेहमीचा. इतक्या लहान जिवाला तोच जड जातो, त्यांनी सांगितलं, आणि औषध सुरू केलं. चंद्रशेखर बाहेर औषधं आणायला गेला. मयुरी खाटेच्या कडेला बसली. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिनं मैतूचं काढून ठेवलेलं कुंचडं हातात घेतलं आणि सवयीनं नाकाला लावलं.

तेल. दूध. ओवा.

ती ते तसंच धरून बसली. ओवा कुंचड्याच्या आतल्या बाजूला, टाळूपाशी. ओवा कानपट्ट्यांना. ओवा पुढं, कपाळावर येणाऱ्या झालरीला, नाकाच्या बरोबर वर. आणि मग तिला डबा आठवला, जो भरला की रिकामा व्हायचा. रोजच्या एका फुंकरीला एवढा ओवा लागत नाही. दिवसभर कोणीतरी तो चावत होतं. टीव्हीचा मोठा आवाज आठवला. न्हाणीतला नळ. तोंडाला लावलेला तांब्या.

तिनं घरी फोन लावला.

"कशी आहे वं पोरगी?" सिंधूताईंनी पहिल्याच घंटेला उचलला होता.

"बरी आहे. तुम्ही कशा आहात, आत्याबाई?"

"मले काय झालं?" आणि मग काहीच नाही. फोन लांब धरल्यासारखी पोकळी. मयुरी वाट बघत राहिली. तिनं फोन ठेवला नाही. सिंधूताई पुन्हा आल्या, "दूध घेते काय?" एवढं विचारलं आणि पुन्हा पोकळी. यावेळी मात्र ते आवरलं नाही. आधी दबलेला, पदरात कोंबलेला, मग फुटून निघालेला खोकला. कोरडा, लांबलचक, पोटातून येणारा. बऱ्याच दिवसांचा.

"केव्हापासून?" मयुरीनं विचारलं.

पलीकडून उत्तर आलं ते सिंधूताईंचं नव्हतं. कोणीतरी फोन हातातून घेतला होता.

"बेटी, मी बोलते, खाला. पुढच्या दारानं आली, पत्रा नाही तोडला. हिला ताप आहे लई. जीप भेटली का मी घेऊन येते."

मयुरीला सासूचा इतका राग आला होता की त्या समोर आल्या तर काय काय बोलायचं हे तिनं जुळवून ठेवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसल्या तेव्हा त्या खालाच्या खांद्याला धरून चालत होत्या आणि दोघींनी एकाच जुन्या ओढणीचे दोन तुकडे करून तोंडं बांधली होती. त्या आत आल्याच नाहीत. दाराबाहेरच्या बाकड्यावर बसल्या. मयुरी उठून दारापर्यंत गेली.

"पुडीत काय होतं?"

"काढ्याचं," खाला म्हणाली. "जोशांदा. माझ्या घरातल्या साऱ्यायले मी तोच देते. आन् रोज सांगत होती मी हिला. काढा पी, पण पोरीपासून लांब राहा, नाहीतं तोंड बांध. म्हणे, तोंड बांधलं तं मयुरीले समजन. तुम्ही पत्रा ठोकला, मंग तेवढं सांगणारंबी कोणी राह्यलं नाही."

"मले सांगायचं ना, खाला."

"सांगणार होती. त्या दिवशी जिभेवर आलं होतं. पण इच्या तोंडाकडं पाह्यलं." खालानं सुस्कारा सोडला. "तीस वर्षं झाली बेटी या दोस्तीले."

"आन् कोंबड्या?"

"नाजिशकडं, दुसरबीडले. लेकीच्या घरी पोचवल्या दोन-दोन करून. इथं जो तो माझ्या कोंबड्याकडं असा पाहे जशा मी बंदुका पाळल्या. तांबडी तं म्हणते तिथंबी साऱ्यायले मारून राह्यली."

मयुरी सासूपुढं उकिडवी बसली.

"काऊन नाही सांगतलं, आत्याबाई? तुम्ही तिच्या नाकात फुंकर घालत होता. रोज."

सिंधूताईंचे डोळे तापानं चकाकत होते. "मले वाटे ओव्यानं तिचं भलंच होईल. आई शप्पथ तसंच वाटे." मग जराशानं, मयुरीकडं न बघता, "आन् खोकलली असती तुझ्यापुढं, तं तू मले पोरीले हात लावू दिला असता?"

मयुरीला आपलेच शब्द आठवले. लेकरावाल्या घरात काळजी घ्याच लागते. बरंच केलं तिच्या सुनेनं. शेंगांची टरफलं सुपात पडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. सासूनं तेव्हा तिला विचारून बघितलं होतं आणि तिनं उत्तर देऊन टाकलं होतं.

"नसता लावू दिला," ती म्हणाली. "आठ दिवस नसता लावू दिला. मंग लावू दिला असता."

"हे मले कुठी माहीत होतं," सिंधूताई म्हणाल्या.

त्यांनाही औषध सुरू झालं. मैतूनं आणखी एक दिवस घेतला, मग एका दुपारी पिता पिता तिचा हात वर आला, चाचपडला आणि मणी मुठीत धरला. मयुरीनं तो सोडवला नाही.

घरी निघायच्या दिवशी मयुरीचंच अंग जड होतं आणि घशात खवखवत होतं. चंद्रशेखर कामावर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या दिल्या, पाजताना तोंड बांधा म्हणून सांगितलं. तिघी बायका आणि एक लेकरू धाडच्या जीपपाशी आल्या, तर आत चांगुणाबाई बसलेल्या. बाजाराच्या पिशव्या मांडीवर.

"झाला काय वं डोस? लई दिवस लागले डोसाले."

मयुरीच्या गळ्याशी ढास आली होती. ती गिळायची तिला आता बरोबर युक्ती कळली होती. ओठ मिटायचे, नाकानं श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं. सिंधूताई तिच्याकडं बघत होत्या. खालाही बघत होती. जीपमधल्या इतर बायकाही, कारण तोंडं बांधलेल्या तिघींकडं कोण बघत नाही?

तिनं तोंड फिरवलं, पदरात खोकून घेतलं, पुरतं, आणि मग म्हणाली, "डोस नव्हता मावशी. फ्लू होता पोरीले. आमच्याच घरातला. मलेबी आहे आता. तुम्ही त्या दिवशी तिच्या गालाले हात लावला होता, तं ताप-बीप आला तर लपवू नका, दाखवून घ्या."

चांगुणाबाईंचा हात आपोआप पदराला पुसला गेला. मग त्या पिशव्यांसकट उतरल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी उतरल्या. "मागच्या गाडीनं येतो," कोणीतरी म्हणालं. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला, पण मागची ताडपत्री पुरती वर गुंडाळून बांधली आणि म्हणाला, "बसा आता, वारं खात."

"बरं झालं," खाला आत चढत म्हणाली. "जिंदगीत पहिल्यांदा जीपमध्ये पाय पसरून बसायले भेटून राह्यलं."

सिंधूताई सगळ्यात कडेला बसल्या, उघड्या बाजूला. मैतू मयुरीच्या खांद्यावरून मागं बघत होती. तिनं आजीला ओळखलं. ओढणीमागचं तोंड दिसत नव्हतं तरी ओळखलं, आणि डोळे मिचकावून वाट बघू लागली, रोजच्यासारखी. सिंधूताईंचे गाल ओढणीआड आपसूक फुगले. त्या तशाच थांबल्या. मग मान पलीकडं वळवून, तुरीच्या कापलेल्या वावरांकडं तोंड करून, त्यांनी ती फुंकर बाहेर सोडून दिली.